लेकीला बर्फावर उभं करायचंय, पण कोणाच्या हाती द्यायचं?

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला कासारवडवलीला राहतो. मुलगी साडेचार वर्षांची आहे, मुलाला तीन पूर्ण व्हायला अजून चार महिने आहेत. यंदा गुलमर्गला जायचं ठरतंय आणि पुढच्या फेब्रुवारीत माझ्या दिरांकडे झुरिकला. दोन्हीकडे मुलांना स्कीइंग शिकवायचं मिस्टरांच्या फार मनात आहे, सासूबाई म्हणतात एवढ्याशा पोरांचे हातपाय मोडायचेत का. मला शिकवायला आवडेल, पण शाळा कशी निवडायची तेच कळत नाहीये, फोटोत सगळ्याच छान दिसतात. — एक आई, ठाणे

उत्तर : ताई, आधी धाकट्याचं सांगते. त्याला यंदा नका घालू. युरोपातल्या बहुतेक स्की शाळासुद्धा तीन पूर्ण झाल्याशिवाय घेत नाहीत, फ्रान्समधली इएसएफ ही मोठी संस्था तिच्या ‘प्यू प्यू’ क्लबमध्ये तीनपासून घेते, काही ठिकाणी चारपासून. एवढ्या लहान पोराच्या पायात तो कडक जड बूट घातला की मांड्या दहा मिनिटांत थकतात, आणि चार मुलांबरोबर रांगेत थांबून सूचना ऐकणं या वयात जमतच नाही. त्याला बर्फात लोळू दे, घसरू दे, त्याचं एवढंच.

मुलीचं वय मात्र छान आहे. आणि शाळा निवडायची म्हणजे काय तर उताराच्या कुंपणाशी जाऊन पंधरा-वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, पैसे भरायच्या आधी. तिथे एकच बघा, किती मुलं हलतायत आणि किती नुसती उभी आहेत.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझी लेक चारची असताना आम्ही परदेशात एका शाळेत तिला घातलं, नाव सांगत नाही, पण ब्रोशर सुंदर होतं, सशाच्या वेषातला माणूस दारात उभा होता, मी भुलले. एका सरांकडे अकरा मुलं. म्हणजे एक खाली सरकणार आणि बाकी दहा थंडीत उभी. माझी पोर पंचवीस मिनिटं जागची हलली नाही, तिला शू लागली होती, तो वरपासून खालपर्यंत एकच असलेला सूट एकटीने सोडवता येईना, आणि शेवटी पँट ओली. त्या दिवसानंतर दोन वर्षं ती बर्फाचं नाव काढू देत नव्हती. चूक तिची नव्हती, मी विचारलंच नव्हतं की एका शिक्षकामागे किती मुलं आणि टॉयलेटला कोण नेणार. म्हणून हे दोन प्रश्न पहिले विचारा. या वयाला एका शिक्षकामागे चार, फार तर पाच, त्यावर असतील तर मी तरी घालणार नाही. मदतनीस असेल तर थोडं चालेल. आणि तो एकच सूट नको, जॅकेट वेगळं पँट वेगळी घ्या.

मग जागा बघा. लहानांचा उतार वेगळा, जाळीने बंद केलेला हवा, वरून मोठी माणसं जोरात येऊन त्यातून जाणार नाहीत असा. वर जायला ‘मॅजिक कार्पेट’ म्हणजे जमिनीलगतचा सरकता पट्टा असेल तर उत्तम, मूल त्यावर नुसतं उभं राहतं आणि वर पोचतं, नाहीतर सगळा दम चढण्यातच जातो. पहिल्या दिवसात हातात काठ्या देत असतील तर मला ते आवडत नाही, पोरं काठ्यांवर रेलतात आणि तोल शिकतच नाहीत. पहिलं शिकवतात ते ‘पिझ्झा’, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब, पिझ्झाच्या तुकड्यासारखी, त्याने वेग कमी होतो. दीड-दोन तास पुरे, पूर्ण दिवसाचा वर्ग आत्ता नको. आणि मुलाला दोन पायांमध्ये धरून सर स्वतःच खाली घेऊन येत असतील तर व्हिडिओ झकास येतो पण मूल काही शिकत नाही.

आता बूट, यावर मी जरा जास्तच बोलणार आहे कारण बर्फावर रडणारी बरीच पोरं घाबरून रडत नसतात, नडगीला टोचतंय म्हणून रडतात. आपण आया थंडीच्या भीतीने दोन-दोन मोजे घालतो, त्यावर थर्मल खेचून बुटात कोंबतो, त्या चुण्या तासाभरात नडगीत रुततात, संध्याकाळी बूट काढला की लाल वळ. बुटात फक्त एक पातळ, गुडघ्यापर्यंतचा मोजा जाणार, बाकी काही नाही, थर्मल वरच थांबवायचं. उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की थोडी मागे आली पाहिजेत. ‘पुढच्या वर्षीही होईल’ म्हणून मोठा बूट घेऊ नका, शाळेचे बूट आपण तसे घेतो पण हे तसं नाही. पाऊल सेंटिमीटरमध्ये मोजून ठेवा, स्की बुटाचं माप त्यातच असतं. स्की उभी धरली तर छातीपासून हनुवटीपर्यंत, त्याहून लांब नको.

गुलमर्गचं सांगायचं तर गाव साधारण 2,650 मीटरवर आहे. पोचल्याच्या दिवशीच पोरीला उतारावर नेऊ नका, एक दिवस नुसतं राहू द्या, आणि मूल उगाच किरकिर करतंय, खात नाही, झोपत नाही, उलटी झाली तर तो लहरीपणा समजू नका, उंचीचा त्रास असू शकतो, खाली उतरायचं. गोंडोला म्हणजे तिथली केबल कार, तिचा पहिला टप्पा कोंगदूरीपर्यंत, दुसरा थेट अफरवाटच्या डोंगरावर जवळजवळ 3,950 मीटरवर नेतो, तिथे या पोरांना घेऊन जायचं काही कारण नाही. शिकायचा उतार खाली गावातच आहे. तिथे स्लेजवाले, स्नो स्कूटर, पर्यटकांची झुंबड हे सगळं एकत्र असतं, म्हणून इन्स्ट्रक्टर ठरवताना त्याचं पर्यटन खात्याचं कार्ड बघा आणि सकाळी लवकरची वेळ मागा. सरकारी संस्थाही आहे, इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ स्कीइंग अँड माउंटेनियरिंग, 1968 पासूनची, पण तिच्या कोर्सला वयाची अट आधी विचारा. लहान मापाचे बूट आणि हेल्मेट आहेत का हे फोन करून पक्कं करा, नसेल तर हेल्मेट इथूनच घेऊन जा.

आणि ख्रिसमसच्या सुट्टीत जायचा विचार असेल तर बदला. बर्फ आता वेळेवर पडेलच असं राहिलं नाही, 2025 मध्ये गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फ नाही म्हणून फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या होत्या. जानेवारी अखेर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात बरं.

झुरिककडे फेब्रुवारीत तिथल्या शाळांना सुट्टी असते, गर्दी प्रचंड, त्यामुळे दिरांना आत्ताच बुकिंगचं सांगून ठेवा. तिथल्या स्विस स्की शाळांमध्ये लहानांसाठी वेगळं ‘स्नो किड्स व्हिलेज’ असतं, स्नोली नावाचा ससा असतो, मुलं रमतात. तोवर धाकट्याचे तीन पूर्ण झालेले असतील, तेव्हा त्याचं बघता येईल. शिक्षक इंग्रजी बोलणारा मागा आणि दोघांनाही ‘स्टॉप’, ‘हेल्प’, ‘टॉयलेट’ हे तीन शब्द पाठ करून पाठवा, घरात मराठीच बोलणारी पोरं तिथे गप्प बसतात. प्रवासाचा विमा घेताना त्यात स्कीइंग धरलंय का वाचा, पुष्कळ पॉलिसींमध्ये धरलेलं नसतं.

तोपर्यंत तुमच्या सोसायटीत संध्याकाळी स्केटिंगचा क्लास असेल तर मुलीला दोन-तीन महिने घाला. गुडघे वाकवून उभं राहणं, पडणं आणि आपलं आपण उठणं तिथेच शिकून होतं. सासूबाईंनाही एकदा तिथे घेऊन जा, नात पडून उठताना बघितली की त्यांची भीती थोडी कमी होईल.

प्रश्न : माझी मुलगी दुबईत असते, तिथल्या मॉलमधल्या बर्फात साडेतीन वर्षांच्या नातवाला स्कीइंगला घालणार म्हणते. बाहेर एवढं ऊन आणि आत बर्फ, आजारी नाही का पडणार? — एक आजोबा, खारघर

उत्तर : आजोबा, मॉल ऑफ द एमिरेट्समधलं स्की दुबई म्हणत असाल ना, 2005 पासून आहे ते. पहिल्यांदा शिकायला मला ते वाईट वाटत नाही, उंचीचा त्रास नाही, वारा नाही, आत उणे एक-दोन अंश असतं आणि सर्वात लांब उतारही 400 मीटरचाच. थंडीपेक्षा घामाची काळजी घ्या, आतून बाहेर येताना ओले कपडे तिथेच बदलायचे, मग उन्हात. हातमोजे त्याच्या मापाचे स्वतःचे घेऊन जायला सांगा. आणि तुम्ही प्रेमाने कानटोपी पाठवाल, ती हेल्मेटच्या आत घालू देऊ नका, हेल्मेट सैल बसतं आणि पडल्यावर सरकतं. कान झाकायला हेल्मेटलाच अस्तर असतं. कानटोपी बाहेर बसून हॉट चॉकलेट पिताना घालू दे.