प्लायवुडचा डायफ्राम: आधी एवढं बघा

लाकडी इमारतीचं तुमचं संगणकीय मॉडेल छान उभं केलंय, पण त्यातला डायफ्राम (वारा-भूकंपाचं आडवं बळ भिंतींपर्यंत नेणारा प्लायवुडचा मजला) ‘रिजिड’, म्हणजे आपल्या पातळीत न वाकणारा आहे, तो सॉफ्टवेअरने तसा दिला म्हणूनच ना? मीही तिथेच फसलो होतो.

नुसती प्लायवुडची जाडी आणि त्याचा जी (कर्तन मापांक) टाकून शेल (मॉडेलमधला पातळ पत्र्यासारखा घटक) काढलंत, तर मजला खऱ्यापेक्षा बराच ताठ येतो. सरकतात ते खिळे, आणि शेलला खिळे दिसतच नाहीत. म्हणून खिळ्यांची सरक धरलेला कर्तन ताठरपणा, म्हणजे जीए, कोष्टकातून घ्या. प्लायवुडच्या कडांखाली ब्लॉकिंग (खिळे ठोकायला आधाराचे लाकडी तुकडे) नसेल तर हा आकडा चांगलाच उतरतो.

मग:
- एक साधा आयत हाताने सोडवून त्याचा विक्षेप (तो किती वाकतो) मॉडेलशी जुळवा.
- डायफ्रामचा विक्षेप भिंतींच्या सरासरी ड्रिफ्टच्या (आडव्या सरकण्याच्या) २ पटींहून जास्त आला, तर एएससीई ७ या अमेरिकी भार-मानकानुसार तो फ्लेक्सिबल, म्हणजे वाकणारा.
- अधेमधे असेल तर रिजिड आणि फ्लेक्सिबल ही दोन्ही गृहीतकं चालवा, प्रत्येक भिंतीला त्यांतलं मोठं बळ धरा.

कॉर्डच्या (डायफ्रामच्या कडेने ताण-दाब घेणाऱ्या पट्टीच्या) जोडांची सरक सध्या राहू द्या.