ऋषीची भाजी आणि आयएनआर

प्रश्न : माझे सासरे 71 वर्षांचे आहेत. हृदयाचे ठोके अनियमित असल्यामुळे दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. तेव्हापासून ॲसिनोकुमरॉल ही रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. सम तारखेला 2 मिलिग्रॅम, विषम तारखेला 1. घरात पालेभाजी बंद केलीय. ऋषिपंचमीला मात्र त्यांनी हट्टाने दोन वाट्या भाजी खाल्ली, दुसऱ्या दिवशी शिळीही संपवली. त्यानंतर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो, त्याचं माप) 1.6 आला. शेजारचे काका म्हणतात, ॲस्पिरिन द्या, तपासण्यांची कटकटच मिटेल. काय करू?
– एक वाचक, वर्तकनगर, ठाणे

उत्तर : काकांचा सल्ला काकांपाशीच राहू द्या. ॲस्पिरिन प्लेटलेट्सना (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींना) एकमेकींना चिकटू देत नाही. सासऱ्यांची गुठळी होते ती हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साचून, आणि तिथे ॲस्पिरिन तोकडी पडते.

भाजीचं म्हणाल तर, हिरव्या पाल्यातलं के जीवनसत्त्व रक्त गोठायला मदत करतं आणि त्याच्या विरुद्धच ॲसिनोकुमरॉल काम करते. म्हणून एरवी शून्य आणि मग एकदम दोन वाट्या, हे वाईट. रोज थोडी मेथी किंवा माठ चालेल, पण माप सारखं ठेवा आणि सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा, म्हणजे डोस त्या मापाने बसवता येईल. बहुतेकांना 2 ते 3 मध्ये आयएनआर हवा असतो.

पण खरं सांगू, सगळा दोष भाजीवर ढकलू नका. सम-विषम तारखांचा हिशेब माझ्या आईनेही पाळला होता. 31 तारीख विषम आणि 1 तारीखही विषम, म्हणजे सलग दोन दिवस कमी डोस! शिवाय ती 2 मिलिग्रॅमची गोळी सुरीने कापायची. डबीत एक तुकडा जाडा, दुसरा भुगा. मग आम्ही 1 मिलिग्रॅमच्याच गोळ्या आणल्या आणि वारांप्रमाणे कागद लिहून फ्रिजला चिकटवला. तुम्हीही स्ट्रिपा मोजून पाहा, एखादी गोळी चुकली असेल तर कळेल. चुकलेली त्याच दिवशी आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी दुप्पट नाही.

तपासण्यांचा फारच कंटाळा आला असेल, तर एपिक्साबॅनसारखी रक्त पातळ ठेवणारी दुसरी गोळी चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. तिला आयएनआर लागत नाही, पण क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघावं लागतं. हृदयात धातूची झडप बसवलेली असेल किंवा हृदयाची मायट्रल झडप बरीच आकुंचन पावलेली असेल, तर मात्र जुनीच गोळी.

गुडघा दुखला म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक आणू नका. आणि बाथरूममध्ये घसरून डोक्याला लागलं, तर टेंगूळ छोटं असलं तरी थेट रुग्णालय गाठा.