जीकेच्या पुस्तकातला देश

प्रश्न: मुलगा दहावीला आहे. म्हणतो राष्ट्रीय प्राणी, झेंडा, राष्ट्रगीत हे सगळं मार्कांपुरतं, सरकारने ठरवलं म्हणून झालं, त्याने देशाची ओळख वगैरे काही बनत नाही. मला पटत नाही पण उत्तरही सुचेना.
- एक आई, नाशिक

उत्तर: ताई, पोरगं निम्मं बरोबर बोलतंय, आधी तेवढं मान्य करून टाका म्हणजे पुढचं ऐकून तरी घेईल. १९७३ च्या आधी आपला राष्ट्रीय प्राणी सिंह होता, मग वाघ झाला, कुणाला काही फरक पडला? आणि हॉकीचं उलटं. राष्ट्रीय खेळ हॉकी असं आपण सगळे घोकून आलोय, पण २०१२ मध्ये माहितीच्या अधिकारात विचारलं तर सरकारचं उत्तर आलं की असा कुठलाच खेळ जाहीर केलेला नाही. जीआर असून मनात नाही आणि मनात असून जीआर नाही, अशी सगळी गंमत.

झेंड्याचं मात्र वेगळंय, कारण त्यावरून लोक मनापासून भांडलेत. २२ जुलै १९४७ ला संविधान सभेने तिरंगा स्वीकारला तेव्हा चरखा जाऊन अशोकचक्र आलं. नेहरूंनी दिलेलं एक कारण अगदी साधं होतं, चरखा मागच्या बाजूने उलटा दिसतो, चक्र दोन्हीकडून सारखंच. गांधीजींना हे रुचलं नाही, चरखा नसेल तर मी त्या झेंड्याला सलाम करणार नाही असं ते म्हणाले. स्वातंत्र्य दारात उभं आणि भांडण कशावर तर झेंड्यावर काय काढायचं! पण चरखा म्हणजे खेड्यात सूत कातणाऱ्या बाईचा देश आणि चक्र म्हणजे सम्राट अशोकाचा वारसा, त्यातलं पुढे काय ठेवायचं हे ठरत होतं, मग भांडण होणारच की.

पुढे कितीतरी वर्षं हा झेंडा सरकारी बिल्डिंगचाच राहिला. साध्या माणसाला २६ जानेवारी, १५ ऑगस्ट असे मोजके दिवस सोडले तर तो लावायची सोय नव्हती. उद्योगपती नवीन जिंदल यांनी आताच्या छत्तीसगडमधल्या रायगढच्या फॅक्टरीवर लावला, अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, मग ते कोर्टात गेले. २००२ मध्ये नियम सैल झाले आणि २००४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. मला विचाराल तर ओळख घडली ती इथे, लांबून सलाम ठोकणं वेगळं आणि आपल्या गच्चीवर स्वतः दोरी बांधणं वेगळं.

त्याला साउथ आफ्रिकेचंही सांगा. वर्णभेद संपून २७ एप्रिल १९९४ ला सगळ्यांनी पहिल्यांदा मतदान केलं, त्या दिवशी नवा झेंडा वर चढला. घाईत केलेला, तोही तात्पुरता म्हणून, रंगांचा अधिकृत अर्थसुद्धा सरकारने लावला नाही. लोकांनी तो असा काही उचलला की पुढे तोच कायम झाला.

बाकी या गोष्टींची दुसरी बाजूही आहेच, प्रतीक दुसऱ्याला तपासायला वापरलं की बिघडतं. आपल्याकडे थिएटरात राष्ट्रगीत लागलं की काहींचं अर्धं लक्ष कोण बसलंय याच्यावरच असतं 🙂 केरळमध्ये तीन मुलं धर्माच्या कारणाने राष्ट्रगीत म्हणत नव्हती, उभी मात्र राहायची, तरी शाळेने काढलं. १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. दहावीच्या पोराला हे नक्की आवडेल, वाद घालायला मुद्दा मिळेल.

प्रश्न: 'हर घर तिरंगा'च्या वेळी घेतलेला झेंडा उन्हापावसाने फाटलाय. कचऱ्यात टाकवत नाही, काय करू?
- एक वाचक, सोलापूर

उत्तर: कचऱ्यात नकोच. ध्वजसंहितेत म्हटलंय की फाटलेला झेंडा एकांतात, मान राखून पूर्ण नष्ट करावा, शक्यतो जाळून. तुमचा पॉलिएस्टरचा असेल तर धूर फार होतो, म्हणून मोकळ्या हवेत, पण लोकांच्या नजरेआड आणि जरा सांभाळून. ही पॉलिएस्टरची परवानगी डिसेंबर २०२१ ची, झेंडे स्वस्त झाले पण सूत कातणाऱ्यांच्या पोटावर पाय आला, मला ते अजिबात आवडलेलं नाही. नवा घ्यायचा असेल तर खादी भांडारात विचारा, आपल्या नांदेडला खादीचे झेंडे तयार होतात.