कांदा सडतोय? आधी त्याची मान बघा

ताई, परसातला कांदा बुट्टीत भरून ठेवला आणि मृगाचा पाऊस लागताच मानेकडून, म्हणजे पात निघते त्या टोकाकडून, मऊ पडून वास सुटला, असं तुम्ही लिहिलंय. हे दुखणं माझ्या चांगल्याच ओळखीचं आहे. बुट्टी बदलून काही होणार नाही. कांदा टिकणार की सडणार, हे वाफ्यातच ठरतं.

लावण-खुरपणीचं सांगत बसत नाही. फोटोत कांद्याची मान अंगठ्याएवढी जाड दिसते. अशी मान आतून वाळत नाही आणि सड तिथूनच आत उतरते. बहुतेक वेळा कारण एकच, उशिरा दिलेला युरिया. लावणीला दीड महिना झाला की युरियासारखं नत्राचं खत बंद. माझ्या मते शेणाची स्लरीसुद्धा बंद.

एका कार्यालयात मला कांदा न बघताच सांगितलं होतं, "पात पिवळी पडली ना, मग अजून युरिया टाका." त्या सल्ल्यापायी अख्खा हंगाम गेला. तीन महिन्यांच्या कांद्याची पात पिवळी पडून लवायला लागली, तर ती भूक नव्हे, कांदा पोसल्याची खूण आहे. पातीवर जांभळट चट्टे असतील तर मात्र तो करपा रोग, त्याचा इलाज वेगळा.

निम्म्या माना आपोआप वाकून पात आडवी पडली की काढणी. पायाने तुडवून माना पाडू नका. पाणी दोन आठवडे आधी तोडायचं, आपल्या काळ्या रानात तीन. उपटल्यावर लगेच पात कापू नका. एका ओळीची पात दुसऱ्या ओळीच्या कांद्यावर येईल असं पसरून 3-4 दिवस ठेवा. वळवाचे ढग दिसले की मात्र सगळं ओसरीत घ्या, एकदा भिजलेला कांदा साठवणीच्या कामातून गेलाच. मग एक-दीड इंच मान ठेवून पात कापा आणि 10-15 दिवस सावलीत, वाऱ्यावर पातळ पसरा. मान चिमटीत धरून पिळून बघा. सुतळीसारखी कोरडी लागली तर भरा, बोटाखाली सरकली तर अजून थांबा.

जोडकांदा, डेंगळे (फुलाचे दांडे) आलेला, खुरप्याचा घाव लागलेला आधी खाऊन संपवा. उरलेला जाळीच्या पिशवीत तीन-चार किलोच भरून तुळईला टांगा. फरशीवर नको, बटाट्याशेजारी तर नकोच. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला पिशवी उतरवून चाचपा, एक सडका कांदा शेजारचे नासवतो.

बी कुठलं होतं ते तुम्ही लिहिलं नाही. बसवंत 780 किंवा एन-53 असेल तर तो खरिपाचा कांदा, कितीही वाळवला तरी फार टिकत नाही. साठवायला रब्बीचा एन-2-4-1 किंवा भीमा शक्ती घ्या. नीट वाळला तर चार-पाच महिने जातो. हे सगळं जमिनीतल्या वाफ्याचं. कुंडीतली माती लवकर सुकते, तिथे पाणी आठवडाभर आधी तोडलं तरी चालेल.

आणि लसूण केला असेल तर त्याची पात कापूच नका, जुड्या बांधून तशाच टांगा.