साखर आणि बाजारातली भाजी

प्रश्न: माझ्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, साखर (मधुमेह) आहे. डॉक्टर म्हणतात, भाजी-फळं वाढवा. आम्ही मजुरीवर जगतो, बाजार आठवड्यातून एकदा. सफरचंदाचा भाव ऐकूनच परत फिरते. काय करू? (एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

उत्तर: ताई, सफरचंदाचा ध्यास सोडा. एक मध्यम पेरू सालीबियांसकट द्या, तो सफरचंदापेक्षा कमी नाही. संत्र्याचा हंगाम आला की फोडी खाऊ द्या, रस नको. रसात चोथा जातो आणि साखर झपाट्यानं चढते. जांभूळ, आवळा, बोरं तर आपल्याच वावरातली.

भाजीचं म्हणाल तर पावसाळ्यात कोवळा तरोटा, घोळ, काटवल असतंच. तरोट्याला गरिबाची भाजी म्हणून नाक मुरडतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. पण तणनाशक मारलेल्या किंवा कपाशीच्या फवारणीजवळच्या धुऱ्यावरचं काही खुडू नका. घराच्या कुंपणावर दोडका, वाल चढवा; भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी त्यांना पुरतं. बाजारात दिवस मावळताना जा, तेव्हा भाव उतरतो.

ताटात अर्धी भाजी, पाव भाग वरण, पाव भाग भाकर, एवढं धरा. भाकर एकदम कमी करू नका, गोळी चालू असताना साखर घसरून चक्कर येऊ शकते. मधुमेहाच्या गोळ्या विकत घेत असाल तर सरकारी आरोग्य केंद्रात विचारा, तिथं त्या मोफत मिळतात; तेवढे पैसे भाजीला होतील. मालकांच्या किडनीला त्रास असेल, तर पालेभाजी वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोला.