किल्ट घालायला स्कॉटिश घराण्यातलंच असावं लागतं का?

नाही. किल्ट म्हणजे स्कॉटिश पुरुषांचा चौकड्याच्या (टार्टनच्या) कापडाचा घागऱ्यासारखा पोशाख. भाड्याने घ्या आणि घाला, कोणी जन्मदाखला मागत नाही.

ग्लासगोत मित्राच्या लग्नाला मी किल्ट घातला आणि फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला, तर आमचे दाजी लगेच "दुसऱ्याच्या कुळाचा चौकडा अंगावर घेऊन फिरतोस, हजार वर्षांची परंपरा आहे ती" म्हणून सुरू झाले, आणि मावशीने त्यालाच अंगठा दिला. तेव्हा लग्नाच्या गडबडीत गप्प बसलो, आता इथे सांगतो.

चौकड्याचं कापड जुनंच आहे, पण 'या घराण्याचा हाच चौकडा' हा नियम बराचसा एकोणिसाव्या शतकातला. सरकारविरुद्धच्या स्कॉटिश बंडातल्या कलोडनच्या लढाईचं चित्रकार मोरियेने काढलेलं चित्र बघा, एकेका माणसाच्या अंगावर दोन-तीन वेगवेगळे चौकडे आहेत. त्या बंडानंतर सरकारने 1746 चा कायदा करून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांचा हा पोशाखच बंद केला, पहिल्यांदा सापडलात तर सहा महिने तुरुंग, पुन्हा सापडलात तर सात वर्षं काळं पाणी. फक्त सैन्याला सूट. बंदी उठली 1782 मध्ये. मग 1822 ला ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज एडिनबरोला आला, कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने सगळा थाट जमवला, राजा स्वतः किल्ट घालून आत गुलाबी तंग विजार घालून उभा, आणि आपापला चौकडा दाखवायची सरदारांची धांदल. चौकडे विणणाऱ्या बॅनॉकबर्नच्या विल्सन कंपनीचा धंदा जोरात. तिचे बरेच नमुने आधी नुसत्या नंबरावर विकले जायचे, नावं मागून चिकटली. हे दाजींचं हजार वर्षांचं कूळ!

आणि दाजी, तुमच्या लग्नातल्या शालीवर कोयरी होती ना? तीच कोयरी काश्मिरी शालींवरून उचलून ग्लासगोशेजारच्या पेस्लीच्या विणकरांनी एकोणिसाव्या शतकात शाली विणल्या, जगभर विकल्या, वर नक्षीला गावाचं नाव लागलं. त्यांना कोणी कूळ विचारलं?

तुम्हाला सांगायचं तर ब्लॅक वॉच नावाचा चौकडा घ्या, गडद निळा-हिरवा, कोणालाही चालतो. लोकरीचाच घ्या, पातळ पॉलिस्टरचा वाऱ्यात उडतो. पुढची चामड्याची पिशवी भाड्यात धरलीय का ते विचारा. आत काय घालायचं हे मला विचारू नका.

हां, काही घरांत लोक आपल्या चौकड्याबद्दल खरंच हळवे असतात, तेव्हा नवऱ्यामुलाला आधी विचारलेलं बरं. आणि बालमोरल नावाचा एक चौकडा राजघराण्यापुरताच राखीव आहे, त्यावर दाजींनी खुशाल भांडावं.