आयजीसीएसई कळायला आधी एवढंच बघा

भाऊ, पोरीला नागपुरात केंब्रिजच्या शाळेत टाकलं अन् कागद पाहून घाबरलात, हे समजू शकतो. आम्हीही घाबरलो होतो. आयजीसीएसई म्हणजे केंब्रिज मंडळाची परीक्षा, आपल्या दहावीसारखीच, 1988 पासून चालू आहे. साधारण नववी-दहावी मिळून दोन वर्षांचा अभ्यास, शेवटी परीक्षा.

टक्के शोधू नका. प्रत्येक विषयाची वेगळी श्रेणी मिळते, ए स्टार ते जी.

सगळ्यात मोठी चूक 'कोअर' आणि 'एक्स्टेंडेड'मध्ये होते. गणित-विज्ञानात हे दोन स्तर असतात. कोअरचा पेपर सोपा, पण कितीही चांगला लिहिला तरी 'सी'च्या वर श्रेणी नाही. माझ्या भाच्याचं गणित कोअरला होतं, हे आम्हाला प्रवेशपत्र हातात आल्यावर कळलं. शाळेनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. म्हणून फॉर्म भरण्याआधी कपाशीची वेचणी एक दिवस राहू द्या, पण शाळेत जाऊन प्रत्येक विषयाचा स्तर स्वतः वाचा.

दुसरं म्हणजे विषय. दहावीशी समकक्षता, म्हणजे हे शिक्षण दहावीइतकंच धरायची मान्यता, दिल्लीची असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज देते. त्यासाठी किमान पाच विषयांत 'सी' किंवा वरची श्रेणी लागते. पाचच घेतले अन् एक घसरला की अडलं, सहा-सात घ्या.

मार्चची परीक्षा धरा, निकाल मे महिन्यात येतो, अकरावीला सोयीचं पडतं. ए लेव्हल, म्हणजे केंब्रिजची बारावीसारखी पुढची परीक्षा, वगैरे सध्या डोक्यात घेऊ नका. पोरीचं इंग्रजी वाचन मात्र आजपासून रोज होऊ द्या. अडलं तर बिनधास्त विचारा.